बाबांनी धुतलेला ग्लास

मी एक जुना ग्लास आहे, मित्रांनो, पण माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, हा आजच खोक्यातून काढलाय. माझ्यावर एक डाग नाही, बोटाचा ठसा नाही. फळीवरच्या बाकीच्या ग्लासांच्या पोटात माझ्याकडे बघून दुखतं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. ते रोज कामाला जातात आणि मी इथेच असतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी बिअर चाखायचा ग्लास. माझ्यात जे ओतलं जायचं ते तुमच्या वयाच्या मुलांसाठी नाही, आणि तुमच्या आईला नाक मुरडायचं असेल तर तिने ते आत्ताच मुरडून घ्यावं. गोष्ट मात्र काचेची आहे, आणि काच तुमच्याही घरात असते.

माझा जन्म भट्टीत झाला. एका माणसाने लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेतला आणि गाल फुगवून फुंकर मारली. त्या फुंकरीतली थोडी हवा माझ्या बुडात अडकून बसली. मोहरीएवढा बुडबुडा. माल तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडासमोर धरलं, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं आणि दुय्यम मालाच्या खोक्यात ठेवलं. म्हणजे मी जन्मल्या जन्मल्या नापास झालो. त्या खोक्यातून मला एका तरुणाने उचललं. बुडबुडा बघून तो हसला.

"बिअर ओतायच्या आधीच याच्यात बुडबुडा आहे," तो म्हणाला. "हा माझा."

तो बिअर बनवायचा. सायकलींच्या एका जुन्या गोदामात त्याने छोटासा कारखाना थाटला होता. पुढे लाकडी बाकं, मागे त्याच्याहून उंच अशा तीन स्टीलच्या टाक्या, आणि वर जायला एक अरुंद जिना. मोड आणून वाळवलेले जव तो भरडायचा, गरम पाण्यात भिजवायचा, त्यांचं गोड पाणी गाळून उकळायचा, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकायचा. मग यीस्ट घालून टाकी बंद करायचा आणि वाट बघायचा. वाट बघण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

टाकी तयार झाली की पहिला घोट माझ्यातून घ्यायचा, हा त्याचा नेम होता. खालची तोटी किंचित उघडायची, मला तिरपं धरायचं, मग हळूहळू सरळ करायचं. गार बिअर माझ्या अंगावरून उतरायची आणि वर पांढरा फेस उभा राहायचा. तो आधी वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात घोळवायचा आणि डोळे मिटायचा. त्याचे डोळे उघडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. ते उघडले आणि तो माझ्या बुडातल्या बुडबुड्याकडे बघून हसला की समजायचं, जमली.

शनिवारी संध्याकाळी लोक चाखायला येत. प्रत्येकापुढे फिकट बिअरपासून काळ्या बिअरपर्यंत चार चिमुकले ग्लास मांडलेले असत. त्यात एक निवृत्त मास्तर होते. त्यांना प्रत्येक बिअरमध्ये केळ्याचा वास यायचा. "मास्तर, ही तर नुसती पाण्याची बाटली आहे," असं शेजारच्या बेकरीवाल्या ताई एकदा म्हणाल्या, तरी मास्तर म्हणाले, "असेल, पण मागून केळं येतंय." ताई कारखान्यातला जवाचा चोथा पावात घालायला न्यायच्या आणि बदल्यात बडबड आणायच्या. मी मात्र या गर्दीत कधी नसायचो. मी मालकाच्या हातात असायचो. माझा रुबाब काय वर्णावा!

मला रोज धुवायचं कामही तोच करायचा. गरम पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, बस्स. साबण अजिबात नाही. मग जाळीवर उपडं घालायचं आणि वाऱ्यावर वाळू द्यायचं. साबणाचा नुसता अंश जरी काचेला राहिला तरी फेस मोडतो आणि चव बिघडते. हे मला आणि त्याला ठाऊक होतं. तिसऱ्या कोणाला सांगायची वेळ कधी आलीच नाही.

मग बाबा आले.

बाबा म्हणजे त्याचे वडील. त्यांचा जन्म चष्म्याची भिंगं घासण्यात गेला होता. मुलाने आपलं दुकान चालवावं अशी त्यांची इच्छा होती, आणि मुलगा निघाला बिअर बनवायला. "लोकांनी विचारलं तर सांगू काय?" एवढंच ते तेव्हा म्हणाले होते, आणि पुढे बरीच वर्षं काहीच म्हणाले नव्हते. मग आई गेली. बाबांचे हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं, आणि मुलाने त्यांना वरच्या खोलीत राहायला आणलं. दोघे एकमेकांशी फार जपून वागत. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "हो." की झालं त्यांचं बोलणं.

बाबा बिअरला शिवत नसत. पण संध्याकाळी मुलगा हिशेबाला बसला की ते जिन्यावरून खाली यायचे, हात मागे बांधून टाक्यांमधून फिरायचे. काहीतरी करावं असं त्यांना फार वाटे. पोती उचलवत नव्हती, पाइप जोडता येत नव्हते. एके दिवशी त्यांची नजर जाळीवर उपड्या घातलेल्या माझ्यावर पडली. त्यांनी मला उचलून दिव्यासमोर धरलं, अगदी त्या तपासणाऱ्या बाईंसारखं.

"नुसता विसळून ठेवतो," ते पुटपुटले. "वेळ तरी कुठे आहे पोराला!"

ते मला वर घेऊन गेले. खुर्चीत बसले, मांडीवर प्लास्टिकचा टब घेतला, त्यात गुलाबाच्या वासाचा साबण फेसाळला आणि मला धुतलं. असं मला आजवर कोणी धुतलं नव्हतं. नळाखाली हातातून निसटेन म्हणून त्यांनी मला त्याच टबातल्या पाण्यात हळूच बुचकळलं आणि जुन्या बनियनच्या मऊ तुकड्याने पुसलं. आतून, बाहेरून, बुडाशी, काठाशी. त्यांची बोटं थरथरत होती, पण पुसताना स्थिर व्हायची.

"काच कशी पाहिजे?" ते मला म्हणाले. "मध्ये आहे असं कळताच कामा नये."

खरं सांगतो मित्रांनो, मी हुरळून गेलो. मी इतका कधीच चमकलो नव्हतो. बाबांनी मला गुपचूप खाली आणून पुन्हा जाळीवर उपडं ठेवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. मग ते रोजच व्हायला लागलं. मुलाने धुवायचं, आणि त्याची पाठ वळली की बाबांनी.

त्यानंतर पहिली टाकी उघडली ती गव्हाच्या बिअरची. ती आत आली तेव्हाच मला कळलं की तिचं आणि माझं जमत नाहीये. फेस उभा राहिला आणि माझ्या अंगावरून घसरून विझला. त्याने वास घेतला. घोट घेतला. डोळे उघडले, पण तो हसला नाही.

फेस मोडला की आधी ग्लास बघायचा, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ग्लास त्याने स्वतः धुतला होता. आणि बिअर जास्त दिवस यीस्टवर राहिली तर तिला साबणासारखा वास आणि चव येते, हेही तो पुस्तकातून शिकला होता. त्यामुळे दोष त्याने बिअरला दिला. कोणाला एक थेंबही न देता त्याने टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडला. सगळी टाकी जमिनीतल्या जाळीतून वाहून गेली, आणि जाताना त्या जाळीवर तिचा फेस किती दाट, किती वेळ उभा होता! मी वरून बघत होतो. अरे, तिकडे बघ, खाली बघ, असं ओरडावंसं वाटत होतं. पण काचेला कोणी वाजवल्याशिवाय आवाज फुटत नाही.

दुसऱ्या टाकीचंही तेच झालं. त्याने यीस्ट बदललं होतं, पाणी तपासून आणलं होतं, पाइप उकळले होते. फक्त मला बदललं नव्हतं. मी त्याचा शुभशकुन होतो ना!

त्या संध्याकाळी तो पालथ्या क्रेटवर बसून राहिला. बाबा जिन्यात थबकले.

"काही बिनसलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

बाबांनी वर जाऊन मला नेहमीपेक्षा जास्त वेळ घासलं. साबणही जास्त घेतला. पोराच्या मनावर ओझं आहे हे त्यांना दिसत होतं, आणि ते हलकं करायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. मित्रांनो, एखाद्याने आपल्यावर इतकी माया करावी आणि त्याच मायेने आपल्या माणसाचं वाटोळं व्हावं, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

तिसऱ्या टाकीत काळी बिअर होती. ती बनवायचं त्याच्या डोक्यात कितीतरी वर्षं घोळत होतं. "ही पण गेली तर शटर खाली," त्याने ताईंना सांगितलं होतं. "माझा हात गेलाय. जुनी नोकरी परत देतो म्हणतायत."

ती सकाळ मी विसरणार नाही. त्याने तोटी उघडली. ती काळी बिअर माझ्यात उतरली आणि तिचा फेस, कॉफीत दूध पडल्यासारखा तांबूस फेस, बघता बघता विरून गेला. त्याने घोट घेतला आणि थुंकला. मग व्हॉल्व्हला हात घातला.

तेवढ्यात ताई चोथा न्यायला आल्या. त्यांच्या हातात चहाचा रिकामा स्टीलचा कप होता.

"अरे, ओततोस काय? एक घोट तरी बघू दे."

"नको ताई. खराब आहे."

"मी रोज करपलेले पाव खाऊन जिवंत आहे. सर बाजूला."

त्यांनी कप तोटीखाली धरला. प्यायल्या. मग कपात बघितलं आणि परत प्यायल्या. ताई गप्प बसल्या म्हणजे काहीतरी मोठं घडलंय असं समजायचं.

"तुला वेड लागलंय का?" त्या म्हणाल्या. "अशी तू आजपर्यंत बनवली नाहीस."

"माझी समजूत काढू नका."

"तुझी समजूत काढायला मला वेळ आहे का? पाव भट्टीत आहेत माझे."

तो चिडला. त्याने मला त्यांच्या हातात कोंबलं. "यातून प्या आणि मग सांगा."

ताईंनी मला नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं. "हा ग्लास आहे की न्हाणीघर? गुलाबाचा वास मारतोय नुसता!"

"शक्यच नाही. मी स्वतः धुतो. सोड्याने."

त्याने मला ओढून घेतलं, हुंगलं. मग ताईंचा कप घेऊन त्यातला घोट घेतला. त्याचे डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. सुटलो, असं मला वाटलं. आता याला कळलं.

तेव्हाच जिन्यावर सपाता वाजल्या. बाबा खाली येत होते. एका हातात टब, त्यात साबणाची बाटली, आणि खांद्यावर तो बनियनचा तुकडा.

"तो ग्लास दे जरा," ते लाजत म्हणाले. "काल नीट पुसला गेला नाही, हात फार हलत होता. म्हणून तर तुझं बिनसत नाहीये ना? मी रोज पुसून ठेवतो. तुला सांगितलं नव्हतं."

त्याने बाबांकडे पाहिलं, मग जमिनीतल्या जाळीकडे. दोन टाक्या चांगली बिअर तिथून गेली होती. ताईंनी तोंड उघडलं.

"अहो काका, तुमच्या या..."

"सर्दी होती मला," तो मध्येच म्हणाला. "नाकच चोंदलं होतं, बाबा. मला वासच कळत नव्हता. बिअर चांगली आहे."

"चांगली आहे?"

"एकदम चांगली. आणि ग्लास असा कोणी पुसत नाही."

"तेच काम केलं जन्मभर," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की ताईंनी आपला कप परत घेऊन पदराने उगाच पुसायला घेतला. "वाफ घे मग. सर्दी अंगावर काढू नकोस."

मुलाने मला त्यांच्या हातात दिलं. देताना एकदा माझ्या बुडातल्या बुडबुड्याकडे बघितलं. त्या नजरेतच मला सगळं कळलं. मी वडिलांना देऊन टाकला गेलो होतो.

काळी बिअर लोकांनी डोक्यावर घेतली. मास्तरांना तिच्यातही केळं सापडलं. शटर उघडं राहिलं. बापलेक आता जेवताना चार शब्द जास्त बोलतात, आणि बाबा येईल त्याला सांगतात, "त्याचा ग्लास मी बघतो." ताई म्हणतात, "तरीच!"

त्याचा चाखायचा ग्लास आता दुसरा आहे. तो टेबलाच्या खणात कुलुपात असतो. त्याच्या बुडात बुडबुडा नाही.

रोज संध्याकाळी तो माझ्यात थोडी बिअर ओततो. मला वाटतं, आज पिईल. तो मला गोल फिरवतो, सगळ्या बाजूंनी ओलं करतो आणि बेसिनमध्ये रिकामं करतो. मग मला मुद्दाम तसंच खरकटं, बाबांना दिसेल असं ठेवतो. धुवायला काहीतरी हवं ना.

मित्रांनो, माझ्यासारखे आत्मवृत्त सांगणारे शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला टाकून देऊ नका. मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्याइतकी काळजी कोणाची घेतली जाते? मी एवढंच मागतो, की कोणासाठी जीव टाकाल तेव्हा आधी त्याला विचारा, तुला काय हवंय. आणि तुमची चूक कळल्यावर त्याने तुम्हाला ती सांगितली, तर त्याचा राग धरू नका. माझ्या मालकाने सांगितली नाही. त्याने बरोबर केलं की नाही, यावर मी फळीवर बसून रोज विचार करतो, आणि बाबांचा तो उजळलेला चेहरा आठवला की माझं तोंड बंद होतं.

सपाता वाजतायत. ते आले. त्यांनी मला दिव्यासमोर धरलं आहे आणि त्यांचे हात कालपेक्षा जास्त थरथरतायत. साबणाची बाटली आज नवी आहे, जरा मोठी. मुलाने आणून दिली म्हणे.