नवऱ्याच्या घरी

"सून तुमच्या लेकासोबत राहती का?" अप्पाराव वकिलांनी विचारलं.

"न्हाई," सोनूबाई म्हणाली.

वकिलांनी पेनाला टोपण घातलं. परतूरच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली त्यांचं टेबल होतं, आणि त्या टेबलावर आजवर शेतीच्या वाटण्या, वारसाचे दाखले असलेच कागद झाले होते.

"मावशी, हा कागद अमेरिकेच्या सरकारला जायचाय. तुमच्या सुनेचं लग्न खरं हाय, तिथं राहायच्या कार्डासाठी केलेलं न्हाई, हे तुम्ही शपथेवर सांगायचंय. आन् पहिल्याच सवालाला न्हाई म्हणून राह्यल्या?"

शेजारी बसलेली पुष्पा, तिची सून, पिशवीतले कागद उगाच सारखे करत होती. चार दिवसांनी तिचं विमान होतं.

"खरं हाय ते सांगितलं," सोनूबाई म्हणाली.

आष्टीत सोनूबाईची पिठाची गिरणी होती. नवरा गेला तेव्हा लोकांनी ती विकायला सांगितलं. सोनूबाईनं विकली नाही. पट्टा चढवायला शिकली, झिजलेल्या दगडाला टाकी लावायला शिकली आणि बावीस वर्षं चालवली. एकुलता धर्मराज त्याच गिरणीवर शिकून इंजिनिअर झाला, चौऱ्याऐंशी साली अमेरिकेला गेला, तिथलाच नागरिक झाला. लग्नाला मात्र चौतिसाव्या वर्षी तयार झाला. मुलगी घनसावंगीची, पुष्पा. जालन्याला नर्सिंग शिकणारी.

लग्नानंतर व्हिसा यायला वर्ष लागलं. तेव्हा पुष्पाचं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. व्हिसाची मुदत कुणासाठी थांबत नाही. ती शिक्षण सोडून गेली. तिथं तिला राहण्याचं कार्ड मिळालं, पण अटीचं, दोन वर्षांचं. मुदत संपायच्या आधी नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा, संसार खरा असल्याचे पुरावे द्यायचे, मग अट निघायची. पण तिथं नर्सिंग करायचं तर पहिल्या वर्षापासून. इथलं पुरं करून गेली तर तिथली परीक्षा तरी देता येणार होती. धर्मराजच म्हणाला, "जा, एवढं वर्ष पुरं करून ये. बारा महिन्यांच्या आत मात्र परत यायचं, न्हाईतर कार्ड जाईल."

अशी पुष्पा जानेवारीत परत आली. आठवडाभर जालन्याला हॉस्टेलवर राहायची आणि शनिवारी जीपनं आष्टीला सासूकडे यायची.

गावाला हे पचेना. गिरणीवर दळण घेऊन आलेली गोजरबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "सोनूबाई, आमी ऐकलं सून परत पाठवली म्हनं. तिकडं दुसरी केली का काय पोरानं?"

"शिकायला आलीय."

"अमेरिकेतून कुनी जालन्याला शिकायला येतं का, बाई?"

बायका हसल्या. सोनूबाईलाही हसू आलं. "माझी आली बघ," ती म्हणाली आणि गोजरबाईच्या ज्वारीला हात घातला.

रविवारी गिरणी बंद असायची. पुष्पा पोत्यावर बसून पाठांतर करायची. नाडी, ताप, सलाइनचे थेंब, बाळंतिणीची निगा. सोनूबाई निवडत-पाखडत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण पुष्पा अडखळली की सूप थांबायचं.

"हितं थांबलीस. हे येत न्हाई तुला."

"येतं, आत्या."

"मंग थांबलीस काहून? पुन्हा म्हन."

पुष्पा पुन्हा म्हणायची. सोनूबाईच्या घरात इतकी वर्षं असं मोठ्यानं कुणी बोललेलं नव्हतं. तिला रविवार फार लवकर सरल्यासारखा वाटायचा.

ऑगस्टात एका रविवारी गावातल्या एसटीडी बूथवर धर्मराजचा फोन आला. बोलता बोलता पुष्पाचे डोळे भरले. तिकडचा वकील म्हणत होता, कार्ड दोन वर्षांचं, त्यातले निम्मे दिवस बायको परदेशात. अधिकाऱ्याला संशय येईल. परीक्षा राहू दे, लगेच निघून ये, असं धर्मराजनं सांगितलं.

"जाते मी, आत्या," पुष्पा म्हणाली. "उगं त्यांना घोर नको."

सोनूबाईनं तिच्या हातातून फोन घेतला.

"धर्मा, परीक्षा कधी हाय तिची?"

"नोव्हेंबरात. पण आई, तुला कळत न्हाई. लग्न खरं हाय ह्याचा पुरावा द्यावा लागतो."

"चौदा वर्षं झाली तुला जाऊन. चार येळा आलास. तू माझा ल्योक हाइस का न्हाई, ह्याचा पुरावा मागितला का मी कधी?"



"भ्या वाटतंय, आई," तो म्हणाला. "तिला येऊच दिलं न्हाई तर?"

त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. सोनूबाई नरमली. "वाटनारच, बाबा. पर एकदा शिकनं सोडून गेली ती. दुसऱ्यांदा सोडली तर जल्मभर तिच्या मनात राहील. तुझ्याबी."

पुष्पानं परीक्षा दिली. आता डिसेंबर होता, आणि धर्मराजनं कळवलं होतं की आईचं प्रतिज्ञापत्र सोबत आण, कामाला येईल.

"वकीलसाहेब, टोपण काढा," सोनूबाई म्हणाली. "मी सांगते तसं लिव्हा. ती नवऱ्याला सोडून राह्यली न्हाई. नवऱ्याच्या घरी राह्यली. माझं घर त्याचं घर हाय. शिकायला म्या ठेवून घेतली. जालन्याच्या हॉस्टेलातून सुट्टी लागली की माहेरी न जाता माझ्याकडं आली. आजारी पडले तवा माझी लुगडी धुतली. संसार खोटा असता तर सासूची लुगडी कुनी धुतली असती का, हे तुमच्या सायबाला इचारा म्हनावं."

अप्पारावांनी टोपण काढलं. मग त्यांनी सगळं इंग्रजीत लिहिलं, लुगड्यांसकट, आणि वाचून मराठीत अर्थ सांगितला.

"बराबर हाय," सोनूबाई म्हणाली.

अंगठा मात्र उठेना. पीठ चाचपून चाचपून रेघाच झिजल्या होत्या. कागदावर नुसता काळा डाग यायचा. वकिलांनी दोन कागद वाया घालवले. तेव्हा पुष्पा समोरच्या हॉटेलातून गरम पाणी घेऊन आली. सासूचा हात मांडीवर घेऊन तिनं अंगठा भिजवला, पदरानं कोरडा केला, शाई अगदी पातळ लावली आणि हलकेच दाबला. तीन-चार रेघा उमटल्या.

"एवढ्या चालतील," अप्पाराव म्हणाले.

पुष्पा गेली. निकाल ती गेल्यावर लागला, पास झाली. दोघांनी मिळून अर्ज केला आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी बूथवर फोन आला.

"आत्या, अट निघाली. आता दहा वर्षांचं कार्ड."

"मंग आता कुनाला काय सांगायचं न्हाई ना?"

"न्हाई. आन् इथली परीक्षाबी झाली. सोमवारपासून दवाखान्यात लागले."

"बरं झालं, बाई." सोनूबाईनं जरा थांबून विचारलं, "येनं कधी होईल?"

"नवी नोकरी हाय, आत्या. पुढच्या वर्षी तर सुट्टी न्हाई मिळायची. त्याच्या पुढच्या वर्षी."

"सवडीनं या. घाई न्हाई."

ती गिरणीवर परतली तेव्हा सणाच्या दळणाचे डबे दारापासून रस्त्यापर्यंत ओळीनं लागले होते. बायका सावलीला बसल्या होत्या.

"सून काय म्हनती?" कुणीतरी विचारलं.

"कामाला लागली," सोनूबाई म्हणाली. तिनं कुलूप काढलं, पदर खोचला आणि पहिला डबा उचलला.