सैल पट्टी

यावोरचं म्हणणं होतं की त्याचं पेप्टाइड जठराचा स्नायू सैल करतं. आतडं ते सोडतं आणि जठर जेवणाला जागा करून देतं. या एका निष्कर्षावर त्याची पीएचडीची जागा अवलंबून होती.

बल्गेरियातल्या प्लोव्हदिवमधल्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मांजुकोवा मॅडम मला म्हणाल्या, "स्नेझिना, तुझा हात सफाईदार आहे. तू करून बघ."

मी उंदराच्या जठराच्या सहा पट्ट्या कापल्या, कोमट क्षारद्रावणात टांगल्या आणि पेप्टाइड घातलं. पडद्यावरची, पट्टीचा ताण दाखवणारी रेघ सहाही वेळा सरळ राहिली.

"परिणाम नाही," मी मॅडमना कळवलं.

यावोर बनित्सा खात दारात उभा होता. "सहाही वेळा?"

"सहाही वेळा. तुला स्वप्नात दिसला असेल परिणाम!"

तो हसला. महिन्याभरात त्याने टेबल रिकामं केलं.

ऑक्टोबरमध्ये मी स्नायू आकुंचित करणारं औषध तपासत होते. पट्टी आकसली, रेघ वर चढली. त्याच दिवशी फ्रीझर साफ करायचा होता. यावोरच्या पेप्टाइडची शेवटची नळी फेकण्याआधी मी सहज त्या पट्टीवर रिकामी केली. रेघ घसरत खाली आली.

आधीच सैल असलेला स्नायू आणखी सैल झालेला दिसणार कसा? त्याला आधी औषधाने आकसवून ताण द्यावा लागतो. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं.

"आता काय करणार? जागा भरली," मॅडम म्हणाल्या. "शोधनिबंधात त्याचं नाव घालू."

यावोर आता असेनोव्हग्रादला, वडिलांच्या टायरच्या दुकानात होता. मी आलेखाचा कागद पुढे केला. त्याने हात पुसले आणि रेघेचा उतार बराच वेळ पाहिला.

"तेव्हा आधी ताण दिला नव्हतास?"

"नाही."

"मला त्याच दिवशी विचारायचं होतं गं. पण तू कधी चुकत नाहीस. वाटलं, माझंच काहीतरी गंडलंय. घरी जाऊन सगळ्या वह्या जाळल्या."

"यावोर..."

"परत ये म्हणायला आलीस?"

"जागा भरलीय. चूक माझी होती, एवढंच सांगायला आले."

"बरं. सांगितलंस." त्याने कागद मला परत दिला आणि खाली वाकून गाडीखाली जॅक सरकवला.