ड्रमजवळची खुर्ची

"बाबा, तुम्ही तालमीला मला ऐकायला येता, की ढब्बूला?"

विचारलं एकदाचं शिट्टीने! बँडमधल्या मैत्रिणींनी पैजच लावली होती तशी.

शाळेच्या बँडची तालीम शनिवारी दुपारी सभागृहात व्हायची आणि पालकांना येऊन बसायला मुभा होती. शिट्टीचे बाबा न चुकता यायचे. पण बासरीवाल्यांच्या समोर खुर्च्या ओस पडलेल्या असताना तिथे बसतील तर शपथ! ते थेट दुसऱ्या टोकाला जायचे, मोठ्या ड्रमला खेटून. ढब्बू ड्रम बडवायला लागला की बाबांचा पाय ताल धरायचा. आणि शिट्टीची एकटीची बासरी सुरू झाली, की तो पाय गप्प.

"तुझ्या बाबांना ढब्बूला दत्तक घ्यायचंय बहुतेक," झांजवाली म्हणाली होती. सगळ्या खो खो हसल्या. सगळ्यांत मोठ्याने शिट्टीच हसली आणि मग नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हतीच ती. आईबाबा कामासाठी गावोगाव फिरत होते, म्हणून शिट्टी लहानाची मोठी झाली मावशीकडे. बाबांना एका कारखान्यात कायमचं काम मिळालं, तेव्हा कुठे या वर्षी ते तिला घरी घेऊन आले. "नाहीच रुळलीस, तर सुट्टीनंतर जा परत मावशीकडे," आई म्हणाली होती. म्हणून तर तिची बॅग अजून अर्धी भरलेलीच पलंगाखाली होती.

शाळेत ती मस्त रुळली. मावशीकडे जिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, तिचं नाव इथे शिट्टी पडलं! सुरुवातीला बासरीतून नुसतं फुस्स यायचं; आता सर तिला एकटीला वाजवायला पुढे काढायचे. आईशीही गट्टी जमली. राहिले बाबा. ती शाळेतून आली की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. बाबा हसून तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "छान." आज गणितात पहिली आले. छान. आज जिन्यावरून पडले. छान!

आज रविवार होता. बाबा खिडकीपाशी पाठमोरे बसून बुटांना पॉलिश करत होते. प्रश्नाला उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं आणि खुर्ची ओढून घेतली. खुर्चीच्या हादऱ्याने बाबा वळले, हसले.

"छान."

"काय छान?" शिट्टीचा बांध फुटला. "मी नकोय ना तुम्हाला? मग सांगा ना सरळ! जाते मी मावशीकडे!"

बाबा नुसते तिच्या ओठांकडे बघत राहिले, परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आल्यासारखे. आई ओल्या हातांनीच बाहेर आली. नेहमीसारखं तिने आधी बाबांच्या कोपराला बोट लावलं. शिट्टीला ते इतके दिवस लाडाचं वाटत होतं.

"सांगून टाका आता," आई त्यांच्या समोर येऊन म्हणाली. "पोरगी भलतंच धरून बसलीय मनात."

बाबांनी ब्रश खाली ठेवला.

"इतकी वर्षं गावोगावच्या कारखान्यांत पत्रा कापायच्या यंत्रापाशीच काढली. बारीक आवाज आधी गेले. दारावरची घंटा, पाखरं. तुझी बासरी मला ऐकूच येत नाही गं. तुझा आवाजही तसाच बारीक."

शिट्टी खुर्चीत बसली.

"ड्रम मात्र इथे येतो." त्यांनी पॉलिशचा हात छातीवर ठेवला. शर्टावर काळा डाग उमटला. "त्याच्याजवळ बसलं की कळतं. ढब्बू थांबला, की तुझी पाळी. मग मी तुझी बोटं बघतो. सुरेख चालतात."

"सांगितलं का नाहीत?"

ते तिने इतकं सावकाश विचारलं, की बाबांना कळलं.

"इतक्या वर्षांनी घरी आलीस. म्हटलं होतं, पोर आली की घरभर बडबड होईल." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "झालीही. मलाच उशीर झाला."

शिट्टी खोलीत गेली. उशीत तोंड खुपसून रडली, अगदी नाक चोंदेपर्यंत. मग पलंगाखालची बॅग ओढून तिने उपडी केली. कपडे कपाटात कोंबले, मावशीने विणलेला स्वेटर तेवढा नीट घडी घालून ठेवला.

बाहेर येऊन ती बाबांच्या समोर उभी राहिली, उजेडात.

"उद्या सरांना सांगून मी बँडमधली जागा बदलून घेणार आहे. ड्रमच्या शेजारी."

"वेडी का काय?" आई म्हणाली. "त्या धडामधुडूममध्ये तुझी बासरी कोणाला ऐकू जाणार?"

"नाही गेली तरी चालेल," शिट्टी म्हणाली. बाबांवरची नजर तिने हलवली नाही. "बाबांच्या खुर्चीसमोरच उभी राहणार मी. आणि सुट्टीनंतरही इथेच राहणार."