बारा रंग आणि एक बायको

मला लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. आणि पोटासाठी मी इंटरनेटच्या केबलमधले केसाएवढे काचेचे धागे रंग बघून जोडतो. हसा, हसून घ्या. कंपनीने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जुन्या केबलमध्ये बाराच धागे, क्रम तोंडपाठ. पण आता घराघरात टीव्ही-मोबाईलचे चार पडदे एकदम चालतात. जुन्या केबलचा जीव तो केवढा? म्हणून नवी आली, शहाण्णव धाग्यांची, तेच बारा रंग आठ-आठ वेळा.

"तीनला जुनी तोड, सहाला नवी चालू," साहेब म्हणाला. "एक जोड चुकला तर घरी बसायचं." या माणसाने आयुष्यात उद्घाटनाच्या फितीपलीकडे काही कापलेलं नाही.

बायकोला व्हिडिओ कॉल लावून मी केबलसाठी रस्त्यात खणलेल्या खड्ड्यात उतरलो. तिला माझं गुपित पहिल्या भेटीपासून माहीत, तिच्या लाल स्वेटरला मी हिरवा म्हणालो तेव्हापासून.

"अहो, अंगठा बाजूला घ्या. हां, हा हिरवा. आणि नखं कापा जरा."

तीन वाजले. मी जुनी केबल तोडली.

बायको तोंड उघडं ठेवून गोठली. मग गायबच झाली. मोबाईलचा टॉवरही त्याच केबलवर होता. कुणी जोडला होता? मीच, गाढवाने.

खिडक्या उघडल्या, माणसं खाली आली. साहेब खड्ड्याशी उकिडवा बसला. "थांबलास का?"

"धूळ बसू देतोय."

अर्धा तास धूळच बसत होती. तेवढ्यात बायको सायकल फेकून धापा टाकत आली. "अर्ध्या वाक्यात तोडलंत मला!" म्हणत खड्ड्यात उतरलीसुद्धा.

"ही कोण?"

"बायको. मला लाल-हिरवा कळत नाही, साहेब. रंग ती सांगते."

साहेबाचा चेहरा कोणत्या रंगाचा झाला, मला कळलं नाही.

"लाल," बायको म्हणाली.

"चालता हो!" साहेब ओरडला.

"मग जोडणार कोण, तुम्ही?" गर्दीतल्या एका आजीबाईंनी विचारलं. साहेबाने घड्याळ बघितलं आणि तो खड्ड्यापासून बाजूला झाला.

सहाला पाच कमी असताना नवी केबल चालू झाली. एकही जोड चुकला नाही. "उद्यापासून तू..." साहेबाने सुरुवात केली आणि त्याचा फोन वाजला. वरचा साहेब.

"थँक्यू सर! हो, मी स्वतः उभा होतो. एकेक रंग मीच तपासला, सर!"

बायको खड्ड्यातून वर आली आणि फोनपलीकडे पोचेल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, उद्या आम्ही दोघांनी किती वाजता यायचं? आणि माझा पगार वेगळा ना?"

साहेबाने फोनवर हात दाबला.

"नऊला," तो दातओठ खात म्हणाला. "दोघंही. आणि हळू बोला."