किटली कुणाच्या डावीकडे?

मी किटली बोलतेय. जन्मतःच पोट सुटलेली, त्यामुळे वयाला दोष देता येत नाही.

वाटलं होतं, आयुष्य चहात जाईल. गेलं ते फोटोत. ज्या बाईंनी मला विकत घेतलं, त्या कॉम्प्युटरला बोलायला शिकवायच्या. त्याने वस्तू बघायची आणि ती कुठे आहे ते सांगायचं. मग मला टेबलावर ठेव, टेबलाखाली ठेव, बरणीच्या शेजारी ठेव, की काढ फोटो!

"शेजारी म्हणजे किती लांबपर्यंत?" एक सहकारी विचारायचा.

"भांडण ऐकू येईल इतपत," बाई म्हणायच्या.

कॅमेऱ्याची वायर आखूड. म्हणून तो कायम खिडकीपाशी आणि सगळे त्याच्याच बाजूला उभे. टेबलाच्या पलीकडे जाऊन बघावं, हे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण किटलीला कोण विचारतंय?

हा सगळा खटाटोप बाईंच्या आईसाठी. त्यांची नजर गेली होती. त्यांचा मुलगा म्हणत होता, "आई, बास झालं एकटं राहणं, माझ्याकडे चल." त्यांना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. शेवटी ठरलं, आईंनी यंत्राच्या मदतीने एकटीने चहा ओतून दाखवायचा. जमलं तर इथेच राहायचं.

ठरल्या दिवशी मी गरम चहा पोटात घेऊन आईंच्या घरी टेबलावर बसले. कॅमेरा समोरच्या फळीवर, आईंकडे तोंड करून.

"किटली डावीकडे आहे," यंत्र ऐटीत म्हणालं.

आईंनी डावीकडे हात नेला. साखरेची बरणी खाली, साखर घरभर.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला. "बॅग भरतो."

"थांब रे दादा!" बाई आईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाळावर हात मारला. "अगं आई, हे समोरून बघून स्वतःची डावी बाजू सांगतंय. तुझी नाही!"

"म्हणजे तुझ्यावरच गेलंय," आई म्हणाल्या.

बाईंनी कॅमेरा काढून त्यांच्या गळ्यात अडकवला.

"किटली उजवीकडे आहे. हाताजवळ."

आईंनी माझी मूठ धरली. थोडा चहा बशीत, बाकी कपात.

मुलाने घोट घेतला. "साखर नाही यात."

"तुझ्या पायाखाली आहे," आई म्हणाल्या. "करकर ऐकू येतेय. त्याला यंत्र लागत नाही."

बॅग माळ्यावरच राहिली.

आता मी आईंकडेच असते. यंत्र गळ्यात असतं, पण माझ्यापर्यंत त्या न विचारताच पोचतात. तुम्ही आलात तर चहा मिळेल. फक्त जाताना मला हलवू नका. आवरायची हौस असेल तर तुमचं घर आहेच. मला आणि आईंना, आहोत तिथेच राहू द्या.