मुक्कामी गाडी

पिठाचे हात तसेच घेऊन नंदाबाई दारात आली. हॉर्न वाजला होता. देवळापाशी, एकदा लांब आणि मग दोनदा आखूड. असा हॉर्न देणारा माणूस अख्ख्या डेपोत एकच, रामराव ड्रायव्हर.

"आकांक्षे! अगं मुक्कामी आली! मुक्कामी गाडी आली!"

संध्याकाळी यायची, रात्रभर गावात थांबायची आणि सकाळी पोरापोरींना घेऊन भोकरदनला जायची, ती ही एसटी. दिवाळीपासून बंद होती. गाड्या कमी पडतात, एवढंच कारण कानावर आलं. गाडी चालू होती तोवर ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गाव करायचं, आळीपाळीनं. आळीपाळीनं म्हणायचं आपलं. कुणी पाळी बुडवली की ताट नंदाबाईच्याच घरून जायचं. तिनं कधी कुरकुर केली नाही. कारण सकाळी हॉर्न वाजायचा तेव्हा आकांक्षाची वेणी हमखास अर्धीच झालेली असायची. पोरगी रिबीन दातात धरून पळायची आणि रामराव गाडी चालू ठेवून थांबायचा. ओरडायचा रोज, पण सोडून कधी गेला नाही.

गाडी बंद झाली आणि आकांक्षाचं कॉलेज लोंबकळलं. बारावी सायन्स. फाटा लांब, आणि फाट्यावरची जीप कोंबून भरल्याशिवाय हलत नाही. तोवर पहिले दोन तास बुडालेले. हळूहळू जाणंच सुटलं. घरची मोटरसायकल थोरल्या पोरानं, पप्पूनं फायनान्सवर घेतलेली; तो वाळूजला कंपनीत कंत्राटी, मोटरसायकल त्याच्याजवळ, आणि हप्ता मात्र इथं बापाच्या बोकांडी. दुसरं वाहन घ्यायचं कुणी नावही काढत नव्हतं. कॉलेजातल्या सरांनी फोनवर सांगितलं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

"पुढच्या साली बघू," तिचा नवरा धर्मराज म्हणाला होता.

गावात पोरीच्या बाबतीत 'पुढच्या साली बघू' म्हणजे काय बघतात, हे नंदाबाईला चांगलं ठाऊक होतं. तिच्याही वेळी असंच बघितलं होतं. तीही शाळेत हुशार होती, पण ते आता कुणाला सांगायचं?

म्हणून त्या संध्याकाळी तिनं परातीत आणखी पीठ घेतलं. भाकरी टम्म फुगत होत्या. आकांक्षा दप्तरावरची धूळ झटकत होती आणि उगाचच हसत होती. नंदाबाईनं पिठलं केलं, ठेचा घेतला, सगळं फडक्यात बांधलं आणि देवळाकडं निघाली. असं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

देवळासमोर अर्धं गाव जमलेलं. आणि मधोमध तिचा नवरा आणि दीर, दोघे तारस्वरात.

हे दोघे सख्खे भाऊ. विहीर सामायिक, बैल सामायिक, पाण्याच्या पाळीवरून कधी शब्दाला शब्द नाही. पण धर्मराज सत्तेतल्या पार्टीचा आणि कल्याण विरोधातल्या. राजकारण निघालं की दोघांच्या अंगात यायचं.

"आली का न्हाई गाडी? निवेदन दिल्तं आम्ही, पार्टीच्या साहेबरावाच्या हातानं," धर्मराज म्हणत होता.

"निवेदनानं येणारी असती तर कवाच आली असती. आम्ही फाट्यावर रस्ता अडवला, तवा हालले तुमचे लोक!"

"अन् बायांना अर्धं तिकीट कुणी केलं?"

"गाडीच न्हाई तर अर्ध्या तिकिटाचं काय लोणचं घालायचं?"

"पोरांना धंद्याला कर्ज देऊन राह्यलं सरकार. ते दिसत न्हाई तुला."

"कर्ज तर आपल्या पप्पूपाशी बी हाय, दादा! पक्की नोकरी दे म्हणावं. त्याला तर लगीन करायलाबी कुणी पोरगी देत न्हाई."

लोक हसले. धर्मराजला ते लागलं. तो पुढं सरसावला तेवढ्यात नंदाबाई गाडीच्या तोंडाशी पोचली आणि तिनं काचेमागची पाटी वाचली. पाटीवर गावाचं नाव नव्हतं. 'प्रासंगिक करार' असं लिहिलं होतं.

रामराव खाली उतरला. तिच्या हातातलं फडकं बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई... आजचाच मुक्काम हाय. उद्या जालन्याला सभा हाय ना, बाया न्यायच्यात. पार्टीनं भाड्यानं घेतली गाडी."

दोघे भाऊ आता पाटी वाचू लागले. गाडी कुणी आणली यावर घसा कोरडा करून बसले होते बिचारे. धर्मराज तर पार्टीचाच माणूस, पण त्यालाही गाडी नेमकी कशासाठी आली ते साहेबरावानं सांगितलेलं नव्हतं.

नंदाबाईला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. फडकं तिथंच टाकून घरी जावं असं वाटलं. पण दारी आलेल्या माणसाला उपाशी ठेवायची रीत नव्हती.

"जेवा मामा."

"पुलावाचं पाकीट दिलंय आम्हाला."

"ते ठेवा कुत्र्याला. भाकरी गरम हाय."

रामराव आणि कंडक्टर पायरीवर बसून जेवले. जेवताना रामराव खाली बघत म्हणाला, "मी विचारतो तिकडं, ताई. बघू म्हणतात."

"समदेच बघून राह्यलेत," नंदाबाई म्हणाली. मग ठेचा वाढत, "उद्या गाडी भोकरदनवरून जाईल ना? पोरीला कॉलेजापाशी उतरवाल?"

"माझी ना न्हाई. पण करारावरची गाडी हाय. साहेबरावाला विचारा."

साहेबराव म्हणजे तालुक्याच्या पार्टीचा माणूस. सकाळी तो गाडीच्या दारातच उभा होता, बाया मोजत. प्रत्येकीच्या गळ्यात उपरणं घालायचा आणि आत सोडायचा. नंदाबाई खिडकीशी बसली होती. नवऱ्यानं तिचं नाव आधीच दिलेलं. आकांक्षा दप्तर घेऊन पायरीवर चढली.

"ही कुठं?"

"कॉलेजाला," नंदाबाई आतून म्हणाली.

"वहिनी, मीटिंगवाल्याच बसतील. एक सीट, एक बाई. वर हिशोब द्यावा लागतो मला."

नंदाबाई उठली. गर्दीतून वाट काढत दारापाशी आली, गळ्यातलं उपरणं काढलं आणि पोरीच्या गळ्यात घातलं.

"घ्या. एका डोक्याला एक डोकं. झालं?"

"अहो, पण ती भोकरदनलाच उतरंल!"

"मंग तिथवर मोजा."

बाया खदखदून हसल्या. मागून मालनबाई ओरडली, "बसू द्या ओ! तिच्या वाटणीच्या टाळ्या म्या वाजवीन!"

साहेबरावानं धर्मराजकडं पाहिलं. इज्जतीचा प्रश्न धर्मराजचाच होता. त्यानंच बायकोला आणायचा शब्द दिलेला. त्यानं पोरीच्या गळ्यातल्या उपरण्याकडं पाहिलं, दप्तराकडं पाहिलं.

"बसू द्या," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण म्हणाला.

नंदाबाई खाली उतरली. गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा ती देवळापाशी फडकं घेऊन उभी होती. गाडी मुक्कामाला थांबायची नाही हे तिला माहीत होतं, तरी आणलं होतं. बाया उतरल्या. त्यांच्यामागून आकांक्षा; येताना रामरावानं तिला कॉलेजापासून घेतलं होतं. त्यानं गाडी बंद केली नाही.

"मुक्काम न्हाई, ताई. उद्या अंबडला सभा हाय."

"वाटंत खा मंग," म्हणत तिनं खिडकीतून भाकरी दिल्या. गाडी देवळाला वळसा घालून निघून गेली.

घरी जाताना आकांक्षा म्हणाली, "सर म्हणले, उद्यापासून एक बी दिवस चुकली न्हाईस तर हजेरी भरंल."

"मंग काय सांगितलं तू?"

"येते म्हणले."



दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आतच तिनं पोरीला पुढ्यात बसवलं आणि वेणी घालायला घेतली. अर्धी झाली, तसा तिचा हात आपोआप थांबला. कान देवळाकडं लागले.

"थांबलीस का गं आई?"

"काही न्हाई."

तिनं वेणी पुरी केली, रिबीन घट्ट बांधली. थांबणारं आता कुणी नव्हतं, म्हणून पहिलीच जीप गाठायला मायलेकी अंधारातच फाट्याकडं चालू लागल्या.