कॅरेजची पट्टी

उत्तमरावांना अर्धांगवायूचा झटका आला तो पोळ्याच्या सुमाराला. त्या साली पाथर्डीत पोळा नावालाच झाला. आधीच्या साली पावसानं हुलकावणी दिली होती आणि या साली तर तो फिरकलाच नाही. कचेरीसमोरच्या लिंबाखाली टाइपरायटरपुढं बसून उत्तमराव कुणाचा तरी अर्ज टाइप करत होते. बोलता बोलता त्यांचा उजवा हात बटणांवरून घसरला आणि तोंड वाकडं झालं. लोकांनी त्यांना बाजेवर घालून घरी आणलं. मागून कुणीतरी टाइपरायटर डोक्यावर घेऊन आलं.

तेव्हापासून माणूस आणि मशीन दोघंही घरातच होती, आणि दोघांचंही कलाबाईलाच करावं लागत होतं.

उत्तमराव नावाजलेले अर्जनवीस. कुठल्या साहेबाला कुठला शब्द लागतो हे त्यांना पाठ. त्या मशीनला त्यांनी कधी बायकोचा हात लागू दिला नव्हता. एकदा झाडताना कलाबाईनं ते उचलून कोनाड्यात ठेवलं, तर सगळा दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. आणि आता बोलायचं म्हटलं तरी त्यांना बोलता येत नव्हतं. जीभ जड झाली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे मनात एक शब्द असायचा आणि तोंडातून दुसराच निघायचा. चहा हवा असला की ‘चावी’ म्हणायचे. सासरी गेलेल्या लेकीचं नाव घ्यायचं तर भलतंच कुणाचं तरी नाव यायचं. मग स्वतःचंच ऐकून ते गप्प व्हायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे.

कलाबाई सातवी शिकलेली. अक्षरं तिला येत होती, पण मशीनवर ती कुठं दडून बसलीत ते शोधावं लागायचं. दोन बोटांनी ती एकेक अक्षर टिपत जायची. सुरुवातीला लोक ओळखीनं यायचे, मग दुष्काळ वाढला तसे गरजेनं यायला लागले. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर, सेंटरवर, नाव घालायचं, टँकर मागायचा, रेशनच्या मिलोत, त्या लाल परदेशी ज्वारीत, किडे निघाले त्याची तक्रार करायची. ज्याला त्याला अर्ज लागत होता. पहाटे टँकरच्या रांगेत हंडे लावायचे, नवऱ्याचं हगणं-मुतणं, अंग पुसणं, भाकरी, आणि मग मशीन. संध्याकाळपर्यंत तिचे खांदे असे दुखायचे की केस विंचरायला हात वर जात नसे.

त्यात धूळ. वारा सुटला की ओसाड रानाची सगळी माती गावात यायची, आणि घरात आली की पहिली त्या मशीनमध्ये जाऊन बसायची. एकदा ‘ल’ उठायचा तो खाली यायलाच तयार होईना. कलाबाईनं बिजागरीला घालतात तसं गोडेतेल घातलं. त्या दिवशी तो ‘ल’ सुरळीत चालला. दुसऱ्या दिवशी तेलावर धूळ बसून असा लेप झाला की त्याच्या शेजारची चार अक्षरंही त्याच्याबरोबर चिकटली. बाजेवरून उत्तमरावांनी ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मग रॉकेलात कोंबडीचं पीस बुडवून तिनं एकेक दांडी धुतली आणि धडप्यानं कोरडी केली. तेव्हापासून तेलाची बाटली तिनं मशीनजवळ आणली नाही.

तर एक दिवस दुपारी गोजरबाई आली. डोंगराकडच्या वाडीवरची, पन्नाशीतली बाई. पायाला फडकी बांधलेली, केसात खडीची भुकटी. ओट्यावर बसून पदरानं तोंड पुसत म्हणाली, “वैनी, एक अर्ज टाईप करून द्या. उद्या सकाळी मोठे सायेब येनार हायेत कचेरीत. आमी हातानं लिवलेले दोन अर्ज दिले, त्याचा पत्त्या न्हाई. टाईप केल्याला आसला तर वाचत्याल तरी.”

“काय लिवायचंय?”

“खडीचं सेंटर वाडीपासून लई लांब पडतंय. जायचं यायचं यातच निम्मा जीव जातो. माजी सून पोटुशी हाय, तीबी चालत येती. परवा वाटंतच बसली. म्हनलं, डोंगराच्या पायथ्याला सेंटर द्या म्हनावं. दगूड तितंबी हाय की.”

कलाबाईनं भाकरीचं पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि मशीनसमोर मांडी घातली. कागद चढवला. पहिलं अक्षर मारलं. दुसरं मारलं. तिसरं मारलं आणि थांबली. तिन्ही अक्षरं एकमेकांच्या उरावर बसली होती. कागदावर नुसता काळा ठिपका.

कागद धरणारा रूळ ज्या गाड्यावर असतो, त्याला उत्तमराव कॅरेज म्हणत. दर अक्षराला ते कॅरेज आपणहून एक घर डावीकडं सरकायला हवं. ते हललंच नाही. कलाबाईनं हातानं ढकललं तर सरकलं, अगदी सैल, पण बटण दाबलं की जागच्या जागी.

“काय झालं वो?” गोजरबाईनं विचारलं.

“धूळ आसंल,” कलाबाई म्हणाली.

तिनं रॉकेल आणलं, पीस आणलं, मशीन ओट्याच्या उजेडात घेतलं. रुळाच्या खालच्या पट्ट्या पुसल्या, दात्यांतली माती काढली. पुसून झाल्यावर बटण दाबलं. ठिपका आणखी काळा झाला. तिनं मशीन तिरकं करून झटकलं. एक वाळका मुंगळा आणि थोडी वाळू पडली, बाकी काही नाही.

आता नगरला पाठवायचं म्हणजे कानिफनाथकडं. तो मेकॅनिक चांगला, पण मशीन एसटीनं नेणार कोण, आणि ते परत येईपर्यंत साहेब येऊन जाणार. कलाबाई तशीच बसून राहिली. तिला रडू आलं नाही, राग आला नाही. फक्त वाटलं, इथंच ओट्यावर आडवं व्हावं आणि कुणी काही विचारू नये.

“हातानंच लिवून देऊ का?” ती म्हणाली.

गोजरबाई पायाचं फडकं सोडून पुन्हा बांधू लागली. 

तेवढ्यात आतून आवाज आला. “पाणी.”

कलाबाई उठली. तांब्या भरून नेला, उत्तमरावांच्या मानेखाली हात घातला. त्यांनी तोंड फिरवलं. “पाणी,” पुन्हा म्हणाले, आणि डाव्या हातानं तांब्या लोटला. पाणी बाजेवर सांडलं. पहाटेपासून रांगेत उभं राहून आणलेलं पाणी. कलाबाईनं ओठ घट्ट मिटले आणि सांडलेलं पदरानं टिपलं.

“मग काय पायजे तुमाला?”

उत्तमराव उंबऱ्यापलीकडच्या मशीनकडं बघत होते. “पाणी. पाणी. ती... पाणी.” कपाळावरची शीर ताठली. मग त्यांनी डावा हात पोटाशी नेला आणि लेंग्याची नाडी धरून ओढली. ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

कलाबाईनं बाजेखालचं भांडं काढलं. त्यांचं अंग कुशीवर वळवलं, लेंगा सोडायला गेली. उत्तमरावांनी तिचा हात झिडकारला. त्यांच्या घशातून एक हुंदका निघाला आणि वाकड्या तोंडावरून पाणी ओघळायला लागलं. ज्या माणसानं हजार माणसांची गाऱ्हाणी शब्दांत बसवली, त्याला स्वतःच्या बायकोला एक गोष्ट सांगता येत नव्हती.

भांडं हातात धरून कलाबाई उभी राहिली. ओरडणं तिच्या ओठांशी आलं होतं. पण तो हात अजून थांबला नव्हता. नाडी ओढायचा, सोडायचा, आणि मग बोट उंबऱ्याकडं. पुन्हा नाडी, पुन्हा बोट.

“मशीनची नाडी?” ती हळूच म्हणाली.

उत्तमरावांनी डोळे मिटले. मान जेमतेम हलली.

“पाणी न्हवं. पट्टी म्हनताय का तुमी? पट्टी?”

“पाणी,” ते म्हणाले, आणि मोठा श्वास सोडला.

तिनं भांडं खाली ठेवलं. गोजरबाईला हाक मारली. दोघींनी बाज धरून उंबऱ्यापर्यंत सरकवली आणि मशीन पाठमोरं करून उत्तमरावांसमोर पाटावर ठेवलं. मागच्या अंगाला खाली एक गोल डबी होती, कंदिलाच्या टोपणाएवढी. तिच्याभोवती फाटक्या चिंधीसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. कलाबाईनं ते आजवर कितीदा पाहिलं होतं आणि दरवेळी वाटलं होतं, आवाज येऊ नये म्हणून लावलं असेल. आता तिनं नीट बघितलं. कॅरेजच्या दुसऱ्या टोकाला, आकड्यात, त्याच चिंधीचा एक तुकडा लोंबत होता. मधली पट्टी तुटली होती. डबीत स्प्रिंग होती, तीच त्या पट्टीनं कॅरेज ओढत होती, आणि आता ओढायला काही उरलंच नव्हतं.

“आता अशी पट्टी कुठनं आनू मी?”

उत्तमरावांनी पुन्हा नाडीला हात घातला. या वेळी दोघीही समजल्या. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. कलाबाईनं नवऱ्याच्या लेंग्याची नाडी ओढून काढली आणि लेंग्याला सुतळीचा तुकडा बांधला.

नाडी दुपदरी होती, डबीच्या फटीत घासत होती. ती उसवून एकपदरी केली. तिचं टोक डबीच्या खाचेत गाठ मारून बसवलं, नाडी डबीवर गुंडाळली आणि दुसरं टोक आकड्यात अडकवलं. बटण दाबलं. कॅरेज हललं नाही.

उत्तमरावांनी हवेत बोट गोल फिरवलं. एकदा, पुन्हा, पुन्हा.

“आधी फिरवू व्हय? चावी देतात तसं?”

मान हलली.

तिनं डबी अंगठ्यानं दाबून फिरवायला सुरुवात केली. स्प्रिंग ताठ होत गेली तसा अंगठा दुखू लागला. आकड्यात टोक घालायला तिनं एक हात काढला आणि डबी निसटली. भर्रकन आवाज झाला, नाडी सापासारखी उलटी गुंडाळली गेली आणि डबीची कड तिच्या बोटात शिरली. रक्त आलं. उत्तमरावांनी डावा हात पुढं केला, तो मध्येच राहिला.

गोजरबाई जवळ सरकली. “वैनी, मी डबी धरते. माज्या बोटाला आता काय लागत न्हाई.”

तिची बोटं खरंच दगडासारखी झाली होती. पुन्हा फिरवलं. उत्तमरावांचं बोट हवेत फिरत राहिलं, आणि एकदम थांबून त्यांनी पंजा उभा केला. बस. गोजरबाईनं डबी गच्च दाबून ठेवली, कलाबाईनं नाडीचं टोक ओढून आकड्यात घातलं, गाठ मारली. दोघींनी हात हळूहळू काढले.

बटण दाबलं. कॅरेज एक घर सरकलं. दुसरं दाबलं. सरकलं.

गोजरबाई भिंतीला टेकली आणि पाय लांब केले. कलाबाईनं बोटाला चिंधी बांधली, नवा कागद चढवला आणि ‘मेहेरबान साहेबांस’ असं टाइप करायला लागली. चिंधी बांधलेलं बोट दर अक्षराला ठणकत होतं. दोन ठिकाणी काना राहिला, तो तिनं पेनानं घातला. वाचून दाखवताना ‘पोटुशी बाई वाटेत बसते’ या ओळीला उत्तमरावांनी बोट वर केलं. तिला वाटलं, शब्द चुकला. पण त्यांनी फक्त ते वाक्य पुन्हा ऐकलं आणि हात खाली ठेवला.

गोजरबाई अंगठा उमटवून निघाली तेव्हा उन्हं उतरली होती. तिला अजून वाडीपर्यंत चालायचं होतं.

साहेबांनी अर्ज घेतला की नाही हे बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा गोजरबाई बाजारच्या दिवशी आली आणि ओट्यावर टेकली. सेंटर डोंगराच्या पायथ्याला दिलं नव्हतं, पण जुन्या सेंटरच्या अलीकडं, बंधाऱ्याच्या कामावर वाडीची नावं घातली होती. “निम्मी वाट वाचली,” ती म्हणाली. सुनेला मुलगी झाली होती. बाळ बारीक होतं, पण दूध पीत होतं.

नाडीनं तोपर्यंत काम दिलं. पुढं ती विरायला लागली तेव्हा कलाबाईनं चांभाराकडून मेण लावलेला दोरा आणून तो बसवला. दोरा घालताना तिनं मशीन बाजेशेजारी पाटावर ठेवलं होतं. बसवून झाला आणि ती बाजूला व्हायला लागली, तर उत्तमरावांनी डावा हात पुढं केला. तिनं त्यांच्या पाठीशी उशा लावून त्यांना बसतं केलं. मान एका बाजूला कलत होती, तिला लोडाचा आधार दिला.

त्यांनी एकाच बोटानं ‘क’ मारला. पुन्हा ‘क’. पुन्हा ‘क’. मशीन दुरुस्त झालं की ते नेहमी असंच बघायचे हे तिला आठवलं. एक अख्खी ओळ एकाच अक्षराची. ओळ संपत आली आणि घंटी वाजली. कॅरेज मागं घ्यायची दांडी डाव्या हाताला होती. त्यांनी ती धरली, जोर केला आणि कॅरेज उजवीकडं लोटलं. ते पुरतं गेलं नाही, अर्ध्यात अडलं. त्यांनी पुन्हा लोटलं.

कलाबाई शेजारीच जमिनीवर जरा आडवी झाली होती; ती मदतीला उठणार होती. पण पाठ जमिनीला टेकली होती आणि जमीन गार होती. परातीतलं पीठ तसंच होतं. हंडा अर्धा होता. ‘क’चा आवाज येत राहिला, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. घंटी वाजली. तिला कुणी हाक मारली नाही, आणि भर दुपारी, डोक्याखाली हात घेऊन, ती झोपी गेली.